मुंबई–न्यूयॉर्क : अंतराचा आणि वेळेचा हिशेब

मुंबईहून रात्री २ वाजता निघालेले विमान जानेवारीत त्याच दिवशी सकाळी ६ वाजता न्यूयॉर्कला उतरणार, असे तिकिटावर असेल, तर प्रवास अवघ्या ४ तासांचा भासतो. परतीच्या तिकिटावर दुपारी १२ ला प्रस्थान आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १ ला आगमन असेल, तर तोच प्रवास २५ तासांचा दिसतो. दोन्ही आकडे फसवे आहेत.

हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ भारतापेक्षा साडेदहा तास मागे असते. जाताना हा फरक मिळवावा, येताना वजा करावा. मग उत्तर अनुक्रमे साडेचौदा तास असे एकच येते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे तासभर पुढे सरकतात व हा फरक साडेनऊ तास होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तो पूर्ववत होतो.

या दोन शहरांतील किमान हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवल्यास मार्ग अरबस्तान, सहारा व अटलांटिकवरून जातो. परंतु पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरल्यास तो मध्य आशिया, रशिया, स्वीडन-नॉर्वे, आइसलँड आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून जातो. ही वाट दीड हजारांहून अधिक किलोमीटरांनी जवळची आहे.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर १४ तासांत संपावे. प्रत्यक्षात मात्र उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. त्यामुळे जाताना बहुधा अधिक वेळ लागतो, तर येताना वारा साथ देतो. शिवाय सर्वांत जवळची वाट नेहमी खुली असतेच असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केल्यावर त्यांना वळसा घ्यावा लागला. वळसा वाढला की इंधन वाढते आणि खर्चही वाढतो.

मुलांकडे निघालेल्या वृद्ध माता-पित्यांच्या बाबतीत हा हिशेब केवळ कुतूहलाचा राहत नाही. इन्सुलिनसारख्या औषधाची वेळ घड्याळाच्या काट्यावर नव्हे, तर प्रत्यक्ष उलटलेल्या तासांवर ठरते. म्हणून प्रवासाचे खरे तास डॉक्टरांना आधीच सांगून मात्रांचे वेळापत्रक लिहून घ्यावे आणि औषधे हातातील पिशवीतच ठेवावीत. पुढचे विमान स्वतंत्र तिकिटावर असल्यास मध्ये भरपूर अवधी राखावा, कारण पहिल्या विमानाच्या विलंबाची जबाबदारी दुसरी कंपनी सहसा घेत नाही. त्या दिवशी सकाळी ठरलेली व्यापारी भेटही दुसऱ्या दिवसावर ढकललेली बरी.