सहकार प्रेक्षकांचा, मालकी कंपनीची

माळशिरस तालुक्याला सहकार शिकवावयास नको. अकलूजच्या साखर कारखान्याचा सभासद भाग घेतो, ऊस घालतो आणि मत देतो. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने एका सभासदास एक मत दिले. व्यवहारात त्याचे काय झाले, हा निराळा विषय. पण जो भार उचलतो त्याला हक्क असतो, हे तत्त्व निर्विवाद आहे.

इंटरनेटवरून चित्रपट वा सामने दाखविण्याच्या ‘पिअर टू पिअर’ पद्धतीत कंपन्या नेमके हेच तत्त्व गाळतात. तीत पाहणाऱ्याचा संगणक आपल्याकडे आलेले तुकडे त्याच वेळी इतर प्रेक्षकांना पुरवितो. कंपनीचा वहनखर्च वाचतो; तो मोजून डेटा विकत घेणाऱ्याच्या माथी बसतो. त्याला ना भाग, ना मत, ना वर्गणीत सूट. २००७ साली बीबीसीसारख्या सार्वजनिक संस्थेनेही ‘आयप्लेअर’साठी हाच मार्ग धरला होता, २००८ च्या अखेरीस तो सोडला.

‘आम्ही परवानगी घेतो,’ असे यावर उत्तर मिळते. कसली परवानगी? विंडोजची फायरवॉल एक चौकट पुढे करते आणि सामना सुरू होण्याच्या घाईत माणूस होकाराचे बटन दाबतो. नकार दिला तरी अडते ती मुख्यतः बाहेरून येणारी जोडणी. आतून बाहेर जाणारी वाट मूळ मांडणीत खुलीच असते आणि तिने तुकडे जाऊ शकतात. तीही बंद केली, तर चित्रच थांबते! ब्राउझरमधून चालणाऱ्या सेवेत तर बहुधा ही चौकटही दिसत नाही. तेव्हा ‘आपली फायरवॉल नीट लावा’ हा उपदेश म्हणजे सामाजिक प्रश्न व्यक्तीच्या गळ्यात बांधणे होय.

दोष तंत्राचा नाही. ‘पिअरट्यूब’ हे मुक्त सॉफ्टवेअर याच पद्धतीवर चालते आणि प्रेक्षकाला वाटप बंद करण्याची मुभा देते. ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला वा शिक्षकांच्या संघटनेला ते स्वतः चालविता येईल.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. वाटप मुळात बंद असावे. संमती मराठीत मागावी. किती डेटा पुढे गेला याचा हिशेब द्यावा आणि तेवढी सूट वर्गणीत मिळावी. वैयक्तिक माहितीच्या संमतीसाठी २०२३ च्या कायद्याने आठव्या अनुसूचीतील भाषांचा पर्याय बंधनकारक केला आहे. माहितीला जो न्याय, तो प्रेक्षकाच्या खिशाला का नसावा? कार्यकर्त्यांनी हा प्रश्न गावोगावच्या ग्राहकांपुढे मांडावा. उसाच्या वजनकाट्यावर नजर ठेवणाऱ्या शेतकऱ्याला तो समजावयास वेळ लागणार नाही.