दमट रात्री झोप लागत नाही? गादी आणि चादर निवडताना काय पाहावे

उन्हाळ्याच्या बातम्यांत दिवसाचे तापमान सांगितले जाते. पण पाचूबंदर, किल्लाबंदर किंवा वसईच्या किनारपट्टीवर राहणाऱ्यांना खरा त्रास होतो तो रात्री. दिवसभर येणारा खारा वारा रात्री पडतो, स्लॅब आणि पत्रे तापलेले असतात आणि अंग घामाने चिकट होते. दोन-तीन वाजेपर्यंत कूस बदलत राहायचे आणि सकाळी डोके जड घेऊन उठायचे, अशी तक्रार एप्रिल-मेमध्ये दवाखान्यात रोज ऐकू येते. त्याच वेळी मोबाइलवर 'थंडावा देणाऱ्या' गाद्यांच्या जाहिराती दिसत असतात. त्या घ्याव्यात का, आणि घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल तर काय करावे, ते या लेखात पाहू.

आपली रात्र इशाऱ्यात का दिसत नाही?

भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंश किंवा जास्त, आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असेल, तर उष्णतेची लाट मानतात. 'उष्ण रात्र' म्हणण्यासाठीही त्या दिवशी कमाल तापमान ४० अंशांच्या पुढे जावे लागते. समुद्रामुळे आपल्याकडे पारा इतका क्वचितच चढतो. म्हणजे रात्र कितीही घुसमटवणारी असली तरी सरकारी इशारा येईलच असे नाही.

प्रत्यक्षात रात्री तापत आहेत. 'सीईईडब्ल्यू' या दिल्लीच्या संशोधन संस्थेने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २०११ या काळाच्या तुलनेत गेल्या दशकात मुंबईत दर उन्हाळ्यात सुमारे १५ अतिउष्ण रात्री वाढल्या आहेत. वसई मुंबईला लागूनच आहे. म्हणून इशाऱ्याची वाट न पाहता आपल्या बिछान्याकडे आपणच लक्ष द्यायला हवे.

शरीर थंड कसे होते?

झोप लागताना शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. त्यासाठी हातापायांच्या त्वचेकडे जास्त रक्त येते, घाम येतो आणि उष्णता बाहेर जाते. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तोच घाम टपकला किंवा चादरीत मुरून राहिला, तर गारवा जवळजवळ मिळत नाही.

विदर्भातली कोरडी हवा घाम पटकन शोषून घेते. आपली हवा आधीच दमट असते. त्यात आपण पाठीवर झोपलो की पाठीचा भाग गादीला चिकटतो आणि तिथला घाम वाळायला जागाच उरत नाही. म्हणून किनाऱ्यावर बिछाना निवडताना 'हाताला गार लागतो का' हा प्रश्न दुय्यम आहे. 'यातून हवा जाते का आणि घाम वाळतो का' हे पाहा.

गादी

- मेमरी फोम: शरीराच्या उष्णतेने मऊ होतो आणि अंगाला चारी बाजूंनी लपेटतो. दमट उन्हाळ्यात सर्वात जास्त तक्रारी याच्या असतात.
- 'कूलिंग जेल'ची गादी: सुरुवातीला गार लागते, पण काही वेळाने जेल अंगाइतकेच गरम होते. रात्रभर थंडावा मिळेल या आशेने खर्च करू नका.
- काथ्याची गादी: आतून हवा खेळते. वरचे कापड रेक्झिनचे किंवा प्लास्टिकसारखे नसावे.
- कापसाची गादी: चांगली, पण दमटपणा धरते. आठवड्यातून एकदा कडक उन्हात टाका. गोळे झाले असतील तर पिंजून घ्या.
- सुंभाची किंवा नवारीची खाट: खालूनही हवा लागते. वर पातळ गोधडी पुरे. कंबरदुखी असेल तर झोळ पडलेली खाट टाळा.
- चटई: वेताची किंवा बांबूची चांगली. प्लास्टिकची चटई अंगाला चिकटते, त्यामुळे तिच्यावर सुती चादर हवी.

नवीन गादी घेणे शक्य नसेल तर आहे त्या फोमच्या गादीवर वेताची चटई आणि त्यावर सुती चादर घालून पाहा. बऱ्याच जणांना एवढ्याने फरक पडतो.

चादर, उशी आणि कपडे

धुऊन धुऊन मऊ झालेले जुने सुती लुगडे किंवा साडी ही उन्हाळ्यातली उत्तम चादर आहे. पॉलिस्टर, 'मायक्रोफायबर' आणि सॅटिनच्या चादरी दिसायला छान असतात, पण घाम शोषत नाहीत. चादरीच्या पाकिटावरचा 'थ्रेड काउंट' जितका जास्त तितकी विण घट्ट, म्हणजे हवा कमी. उन्हाळ्यासाठी २०० ते ३०० पुरेसा आहे.

उशीला सुती अभ्रा घाला आणि तो दोन-तीन दिवसांनी बदला. चादर वरचेवर धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. खाऱ्या पाण्याचा अंश राहिलेले कापड हवेतला ओलावा ओढते, म्हणून शेवटचे खळबळणे गोड्या पाण्यात करा. ओलसर बिछान्यामुळे घामोळे आणि गजकर्ण वाढते. एकाला गजकर्ण असेल तर चादर आणि टॉवेल वेगळे ठेवा.

ओली चादर अंगावर घेण्याचा उपाय कोरड्या भागात चालतो. आपल्याकडे त्याने गादीच ओली राहते. त्याऐवजी ओल्या रुमालाने मान, हात आणि पाय पुसून पंख्याखाली बसा.

पंखा, एसी आणि मच्छरदाणी

आपल्या रात्रींसाठी पंखा हे सर्वात उपयोगी साधन आहे, कारण तो घाम वाळवतो. मच्छरदाणीमुळे वारा अडतो म्हणून ती काढू नका; डेंग्यू-मलेरियाचा धोका खरा आहे. मोठ्या जाळीची सुती दाणी घ्या आणि टेबल फॅन जवळ लावा. पाण्याचा कूलर दमट खोलीत ओलावा आणखी वाढवतो.

एसीचे तापमान २० ते २८ अंशांतच ठेवता येईल, असा नियम आणणार असल्याचे केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी जून २०२५ मध्ये जाहीर केले तेव्हा बरीच चर्चा झाली. झोपेसाठी २६-२७ अंश आणि सोबत मंद पंखा बहुतेकांना पुरतो. एसी हवेतला ओलावाही काढतो, त्यामुळे १८ अंशांची गरज नसते.

रात्री मासेमारीला जाऊन दिवसा झोपणाऱ्यांनी पत्र्याखालची खोली टाळावी. तसे शक्य नसेल तर पत्र्याला बाहेरून पांढरा चुना लावा आणि जमिनीलगत झोपा.

यांची विशेष काळजी घ्या

- अंथरुणाला खिळलेले रुग्ण: गादी खराब होऊ नये म्हणून पूर्ण गादीवर रेक्झिन किंवा रबरी शीट घातले जाते. त्याने घाम अडतो, त्वचा भिजते आणि पाठीला जखमा होतात. शीट फक्त कमरेखाली ठेवा, वर जाड सुती कापड घाला, ओले होताच बदला आणि दर दोन तासांनी कूस बदला. एअर बेडवरही सुती चादर हवीच.
- तान्ही बाळे: रबरी शीट उघडे ठेवू नका. टोपी, मोजे आणि दुपटे उन्हाळ्यात नको. बाळाची मान किंवा छाती गरम आणि घामेजलेली लागली तर कपडे कमी करा.
- वृद्ध आणि औषधे घेणारे: लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, काही मानसिक आजारांची औषधे यांमुळे पाणी कमी होते किंवा घाम कमी येतो. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, उन्हाळ्यात डोस तपासून घ्या. वृद्धांना तहान कमी जाणवते, पाणी विचारून द्या. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर किती पाणी प्यायचे ते डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

खोली गार असूनही रात्री कपडे भिजण्याइतका घाम येत असेल, सोबत ताप, खोकला किंवा वजन घटणे असेल, तर दोष गादीचा नाही. क्षयरोग आणि थायरॉइडची तपासणी लागते. मधुमेहाच्या रुग्णाला रात्री घाम, थरथर आणि घाबरल्यासारखे झाले तर लगेच साखर तपासा. ती कमी झालेली असू शकते.

वृद्ध माणूस असंबद्ध बोलू लागला, नीट जागा होत नसेल, झटके आले किंवा अंग भट्टीसारखे तापले असेल, तर तो उष्माघात असू शकतो. तो उन्हात न जाता, घरात झोपूनही होतो आणि अशा वेळी घाम येणे थांबलेले असू शकते. लगेच १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत कपडे सैल करा, अंगावर साधे पाणी ओतत राहा आणि पंखा लावा. शुद्ध नसेल तर कुशीवर झोपवा आणि तोंडात पाणी घालू नका.