पहिल्या पसंतीचे बंधन

सन २०२५ पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश अखिल महाराष्ट्रास, अर्थात आपल्या चाळीसगावासही, लागू झाला. पसंतीक्रमातील पहिले महाविद्यालय मिळाल्यास तेथेच प्रवेश घेणे भाग. नाकारणाऱ्यास पुढील नियमित फेऱ्यांचे द्वार बंद होते. या नियमाने गोंधळ टळतो, हे खरे. परंतु श्रीमंतास जे केवळ बंधन, तेच गरिबास संकट ठरते. शुल्क तत्काळ भरावे लागते. शिष्यवृत्तीची रक्कम मात्र बहुधा मागाहून हाती येते. सबब पैशाअभावी प्रवेश सोडणाऱ्यास शासनाने आणखी एक संधी द्यावी, हेच न्याय्य होय. तोवर पालकांनी पाल्यासह बसून शुल्क, वसतिगृह व प्रवास यांचा हिशेब अर्जापूर्वीच मांडावा. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण पसंतीक्रम लिहितानाही विसरू नये.