रुई म्हणून गेली, सरकीसह परतली

अमेरिकेतील टेक्सास राज्यात लबक शहराभोवतीच्या ग्रामीण काउंट्यांत (काउंटी म्हणजे साधारणतः आपला जिल्हा) कापूस हेच प्रमुख पीक. हंगामाचा सरासरी भाव कायद्याने ठरविलेल्या किमतीखाली घसरला की फरकाची भरपाई सरकार करते. तीही यंदाच्या पेऱ्यावर नव्हे, तर दप्तरी नोंदलेल्या जुन्या क्षेत्रावर. अवर्षणाच्या त्या मुलखात शेतकऱ्याला आधार नको, असे कोण म्हणेल? प्रश्न आहे तो त्याची किंमत मोजतो कोण, हा.

ब्राझीलने 2002 साली जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली आणि 2005 साली अपिलातही ती जिंकली. प्रतिशुल्काचा धाक पडताच अमेरिकेने 2010 साली ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी दरसाल 14 कोटी 73 लाख डॉलर देण्याचे मान्य केले. 2014 साली आणखी 30 कोटी देऊन प्रकरण मिटविले. माली, चाड, बेनिन व बुर्किना फासो यांनी 2003 सालीच हे गाऱ्हाणे मांडले होते. पण त्यांच्या प्रतिशुल्काला भिणार कोण?

2014 साली रुई अनुदानाच्या मुख्य यादीतून वगळली गेली खरी. 2018 साली ती सरकीसह परतली! 2025 साली तिची संदर्भ-किंमत पौंडामागे 36.7 वरून 42 सेंटांवर नेण्यात आली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वेचणी तोंडावर असताना, दिल्लीने कापसावरील 11 टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठविले. वॉशिंग्टनने आपल्या शेतकऱ्याची बाजू घेतली, हे उघड आहे. दिल्लीने कोणाची घेतली, याचा खुलासा यवतमाळच्या शेतकऱ्याला मिळावयास हवा.