सगळेच टाळकरी झाले तर?

"छतावर एवढं सोलर बसवलं, तरी लाईट गेली की घरात अंधारच!" ही तक्रार हल्ली बरेचदा ऐकू येते. मंडळी, यात कुणी फसवलेलं नसतं. गंमत ऑसिलेटरची आहे.

एकाच तुळईला टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक आपोआप एका ठेक्यावर येतात, हे ह्युजेन्सने १६६५ मध्ये पाहिलं. इलेक्ट्रॉनिक ऑसिलेटर तसाच. त्याच्या वारंवारतेच्या जवळपासचा सिग्नल बाहेरून आला, की तो स्वतःचा ठेका सोडून बाहेरचा धरतो. रॉबर्ट ॲडलरने १९४६ मध्ये याचं सुटसुटीत गणित मांडलं. बाहेरचा सिग्नल जितका जोरकस, तितका जास्त फरक असला तरी ऑसिलेटर लॉक होतो.

सोलर इन्व्हर्टरमध्ये हेच काम फेज लॉक्ड लूप करतो. तो ग्रिडच्या ५० हर्ट्झचा माग काढतो आणि इन्व्हर्टर त्या तालावर वीज सोडतो. ग्रिड गेली की साधा इन्व्हर्टर बंद पडतो, आणि पडायलाच हवा. नाहीतर लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

इथवर ठीक. पण सगळेच टाळकरी आणि पखवाजवाला कुणीच नाही, असं झालं तर? आजवर ठेका द्यायचं काम औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांतली अवजड जनित्रं करत आली. त्यांच्या जडत्वामुळे वारंवारता एकदम घसरत नाही. भर दुपारी सौर वीज वाढते, तेव्हा नेमकी हीच जनित्रं कमी करावी लागतात.

एका तालात असणं म्हणजे एकाच नशिबात असणंही. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्येची ग्रिड कोसळली. दक्षिणेची तेव्हा या तालात नव्हती, ती वाचली. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईनने तीही जोडली गेली. जोडलं ते चांगलंच केलं, विजेची देवाणघेवाण सोपी झाली. पण आता ठेका सांभाळण्याची जबाबदारीही सगळ्यांची.

म्हणून मला वाटतं, सोलरला सबसिडी देताना नुसते किलोवॉट मोजू नयेत. मोठ्या प्रकल्पांत काही इन्व्हर्टर बॅटरीसकट स्वतः ठेका देणारे, म्हणजे ग्रिड फॉर्मिंग असावेत. घरासाठी आधी लाईन तोडून मग घर चालवणारे हायब्रिड इन्व्हर्टर मिळतातच. महाग आहेत, मान्य. पण ताल चुकल्याची किंमत आपण २०१२ मध्ये मोजली आहे. तुम्हाला काय वाटतं?