अर्धा इंच म्हणजे किती?

इंग्लंडमधल्या आपल्या मराठी मंडळींत एक वाक्य फार ऐकू येतं. "आपला वेळ महाग आहे रे, प्लंबर बोलावून मोकळं व्हायचं!" रेडिएटरचा व्हॉल्व्ह गळतोय? प्लंबर. नॉब अडकलाय? प्लंबर. आणि कोणी स्वतः पाना हातात घेतलाच, तर "काय, पैसे वाचवतोयस का?"

मला या वाक्याचा मनापासून राग येतो. वेळ इतकाच महाग असता तर शनिवारची अख्खी दुपार आपण टीव्हीसमोर घालवली नसती. खरी गोष्ट वेगळी आहे. हाताने करायचं काम हलकं, ही समजूत आपण लोणच्याच्या बरणीसोबत घरून बांधून आणली आहे. इथे तिला फक्त कोट चढवला.

आता हे 'हलकं' काम बघा. व्हॉल्व्ह रेडिएटरला ज्या आट्यांवर बसतो, ते 'अर्धा इंची'. पट्टी लावा, बाहेरून जवळजवळ २१ मिलिमीटर भरतात! अर्धा इंच म्हणजे तर १२.७. कारण हे नाव जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून आलंय. आपल्याकडचा अर्ध्या इंचाचा नळ म्हणजे हेच आटे. खालून येणारा तांब्याचा पाइप मात्र १५ मिलिमीटरचा, आणि तो मोजायचा बाहेरून. १९७० च्या दशकात ही मापं मेट्रिक झाली, त्यामुळे जुन्या घरात इंचाचे पाइप निघतात. अर्ध्या इंचावर १५ चं फिटिंग बसतं, पण पाऊण इंचाच्या पाइपावर २२ चं नेहमीच्या कड्यासकट नीट आवळत नाही, वेगळं कडं लागतं. काही घरांत तर ८ नाहीतर १० मिलिमीटरचे बारीक पाइप.

पुढे ऐका. टेफलॉन टेप रेडिएटरच्या बाजूच्या आट्यांवर गुंडाळायचा, पाइपाच्या नटाच्या आट्यांवर नाही. तिथे पाणी आटे अडवत नाहीत, पाइपावर आवळलेलं पितळी कडं अडवतं. नट सोडताना एक पाना व्हॉल्व्ह धरायला, दुसरा नटाला, नाहीतर पाइप पिळतो. दुसऱ्या टोकाचा लॉकशील्ड व्हॉल्व्ह बंद करताना फेरे मोजायचे आणि नंतर तेवढेच उघडायचे, नाहीतर एक खोली भट्टी आणि दुसरी गारठलेली.

सांगा, यात डोकं कुठे कमी लागतं?

"आणि घरभर पाणी झालं तर?" रास्त प्रश्न. म्हणूनच आधी बॉयलर बंद करून गार होऊ द्यायचा, मग पाणी काढायचं, मग पाना. गॅसच्या बाजूला तर हात लावायचाच नाही, ते काम गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाचं. आणि ज्याला जमत नाही, झेपत नाही, त्याने खुशाल प्लंबर बोलवावा. माझा राग बोलावण्यावर नाहीच. ज्या कामातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही ते खालचं समजून बोलावण्यावर आहे.

कारण मुलं बघत असतात हो. दोन मापांची सांगड घालून गळती थांबवणारा माणूस आपल्या घरात 'तो पाइपवाला' असतो, आणि एक्सेलमध्ये दोन रकाने जुळवणारे आपण 'इंजिनिअर'.

असो. पुढच्या वेळी प्लंबर आला की निदान एवढं करा. मुलांना "तिकडे जाऊ नका, हात घाण होतील" म्हणू नका. जवळ बसून बघू द्या. आणि जमलं तर तुम्हीही बसा.