खटला राज्याचा, हक्क तुझा

श्याम बेनेगलांची ‘संविधान’ ही मालिका आपल्यातल्या बहुतेकांनी तुकड्या-तुकड्यांत बघितलेली असते. 26 जानेवारी आली की सचिन खेडेकरांनी साकारलेल्या बाबासाहेबांची एखादी क्लिप स्टेटसला पडते, खाली ‘जय महाराष्ट्र’, आणि विषय संपला. मी यंदा दहाही भाग सलग बघितले. बघून झाल्यावर राग आला, आणि तो मालिकेवर कमी, आपल्या सीमाभागातल्या राजकारणावर जास्त आहे.

मालिका चांगली आहे, ते आधी सांगतो. 2014 साली राज्यसभा टीव्हीवर आली. शमा झैदी आणि अतुल तिवारी यांनी लिहिली. त्यात माणसं भांडतात, एकमेकांना अडवतात. राज्यघटना आकाशातून पडली नाही, ती घासाघीस करून झाली, हे दिसतं. खटकतं ते एकच. तिथं सत्ता म्हणजे मोठ्या सभागृहात बसलेली शहाणी माणसं. आपल्याकडं सत्ता खिडकीच्या पलीकडं बसते आणि म्हणते, ‘कन्नडात लिहून आणा.’ ती सत्ता कॅमेऱ्यात येत नाही.

म्हणून मी संविधान सभेच्या चर्चांचे खंड उघडले. इंटरनेटवर फुकट आहेत, आणि मालिकेपेक्षा जास्त नाट्य त्यात आहे. सोमनाथ लाहिरी हे कम्युनिस्ट सभासद 1947 च्या एप्रिलमध्ये उठून म्हणाले होते की हे मूलभूत हक्क पोलीस शिपायाच्या नजरेतून लिहिल्यासारखे दिसतात, कारण प्रत्येक हक्काच्या मागं एक ‘परंतु’ लावलाय. ज्यानं 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीची परवानगी मागितलीय त्याला हा ‘परंतु’ समजावून सांगायला नको.

पण आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा दिवस 8 डिसेंबर 1948. आजचं 29 वं कलम, म्हणजे वेगळी भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा हक्क, त्यावर चर्चा चालली होती. मसुद्यात ‘अल्पसंख्याक’ हा शब्द काढून ‘नागरिकांचा कोणताही गट’ असं का केलं, ते बाबासाहेब समजावत होते. उदाहरण कुणाचं दिलं माहितीय? महाराष्ट्रातून जाऊन बंगालात राहिलेल्या लोकांचं. धर्मानं, जातीनं ते अल्पसंख्याक नसतील, तरी भाषेनं आणि संस्कृतीनं ते तिथं अल्पसंख्याकच, आणि त्यांना संरक्षण पाहिजे. आपण तर कुठं गेलोही नाही. 1956 च्या 1 नोव्हेंबरला सीमाच आपल्यावरून गेली. मग बंगालातल्या मराठी माणसाला जे लागू, ते बेळगाव-खानापूर-निपाणीतल्या माणसाला दुप्पट लागू.

त्याच चर्चेत झेड. एच. लारी यांनी एक दुरुस्ती मांडली. पुरेशी मुलं असतील तिथं प्राथमिक शिक्षण आपल्या भाषेत मिळण्याचा हक्क घटनेतच लिहा. ती फेटाळली गेली. आठ वर्षांनी, राज्य पुनर्रचनेबरोबर सातव्या घटनादुरुस्तीनं कलम 350-अ आलं. पण कसं आलं? मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा राज्यानं ‘प्रयत्न’ करावा, असं. लारींनी हक्क मागितला होता, आपल्याला प्रयत्न मिळाला. शिवाय हे कलम मूलभूत हक्कांच्या भागात नाही, भाषेच्या भागात आहे. हा फरक वर्गात दोन गुणांचा असतो. ज्या गावात मराठी शाळेत शिक्षक येत नाही तिथं तो एका मुलीच्या चार वर्षांचा असतो.

आता आपल्या नेत्यांकडं येतो. सीमाप्रश्नाचा खटला महाराष्ट्रानं 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. 131 व्या कलमाखाली. 865 गावांचा दावा आहे, पाठ आहे सगळ्यांना. पण 131 व्या कलमाखालचा दावा हा राज्य विरुद्ध राज्य, राज्य विरुद्ध केंद्र असतो. त्यात महाराष्ट्र पक्षकार आहे, कर्नाटक पक्षकार आहे. तू नाहीस, मी नाही, तुझी आज्जी तर नाहीच. आणि गेली वीसेक वर्षं आपल्याला एवढंच सांगितलं जातंय की निकालाची वाट बघा. दावा खरा आहे, तो सोडायचा कुणी म्हणत नाही. पण राज्याचा जमिनीवरचा दावा आणि माणसाचा हक्क या दोन गोष्टी आहेत. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसरा गोठवून ठेवायचा हे कुठल्या घटनेत लिहिलंय?

तालुक्याच्या एका कचेरीत माझा मराठीतला तक्रार अर्ज परत केला गेला. मी भांडलो तर मागच्या रांगेतले आपलेच एक काका म्हणाले, ‘कशाला वाद घालतोस, घे की कुणाकडून तरी लिहून.’ काकांना दोष देत नाही. 350 वं कलम त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. हे ‘अ’ वालं नव्हे, मूळचं 350, पहिल्या दिवसापासून घटनेत असलेलं. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या वा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडं निवेदन द्यायचं तर ते संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. प्रत्येक व्यक्तीला. गटाला नाही, समितीला नाही, एकेकट्या माणसाला. उत्तर मराठीत मिळेलच असं त्यात नाही, साध्या फॉर्मलाही ते लागू नाही. पण तक्रार घ्यायला नकार देता येत नाही. सभांमध्ये आपण शिवरायांपासून सुरू करतो, हे कलम मी आजवर एकाही भाषणात ऐकलेलं नाही.

काही जण म्हणतील, कर्नाटक सरकारकडं हक्क मागितला म्हणजे कर्नाटकात राहणं कबूल केलं. हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. पाण्याचं बिल भरतोस तेव्हा कबूल केलंस काय? मतदान करतोस तेव्हा? हक्क मागणारा शरण जात नसतो. उलट मराठीतल्या प्रत्येक अर्जाची पोच ही इथं मराठी माणूस राहतो याचा कागद आहे.

आणि एक, जे आपल्या पेजवर फारसं आवडणार नाही. जत आणि अक्कलकोटात कन्नड बोलणारे लोक आहेत, त्यांच्या कन्नड शाळा आहेत. तिथल्या शाळेत शिक्षक नसेल तर तोही 350-अ चाच भंग. त्यांच्यासाठी बोलायला आपली जीभ जड होत असेल, तर आपण हक्काची नाही, फक्त आपल्या बाजूच्या सत्तेची मागणी करतोय, आणि इथला खिडकीतला साहेब हेच म्हणेल.

1949 सालच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेतला निकष अजून सांगितला जातो: शाळेत 40 किंवा वर्गात 10 मुलं असली तर त्यांच्या भाषेत शिकवायची सोय. आपल्या गावच्या शाळेचा पट काढा. दहा पालकांच्या सह्या घ्या, मराठीत लिहा, वर कलम 350 आणि 350-अ टाका, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. परत केला तर ज्यानं केला त्याचं नाव, हुद्दा आणि तारीख तिथंच लिहून घ्या, आणि दुसरा अर्ज त्याच्याबद्दल करा. तोही मराठीत.